केझाया डकवर्थ ऊर्फ बॉबची सिसी

ऑलरक्लफमध्ये एखाद्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक आली, तर दारात पोलीस तरी उभा आहे नाहीतर तारवाला तरी, असं खुशाल समजावं. एरवी खऱ्या नावाशी कुणाचं काही अडत नसे. गावात गिरण्या अकरा, चॅपलं सात आणि आडनावं जेमतेम आठ-दहा. ब्राऊ वॉर्डात तर दर तिसऱ्या दारामागे हॉवर्थ. मग माणसं ओळखायची कशी? सॅलीचा टॉम, लंगड्या जिमची मेरी, असं करत करत. एकदा चिकटलेलं नाव लग्नानंही सुटत नसे की म्हातारपणानंही. सिसीला लग्न होऊन डकवर्थांच्या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती, लेक नांदायला गेली होती, तरी गल्लीत, गिरणीत आणि चॅपलात ती बॉबची सिसीच होती. बॉब हॉवर्थला स्वतःला जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण लेकीच्या नावात तो ठणठणीत होता.

सिसी अंगानं ठेंगणी, आवाजानं उंच. गिरणीत सहा माग एकटी सांभाळायची. घरापुढची पायरी तिची सगळ्यांत आधी घासून व्हायची आणि ती घासता घासता समोरच्या चार घरांची ख्यालीखुशालीही विचारून व्हायची. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाचा नवरा खोकतोय, कुणाचं रेशनकार्ड हरवलंय, सगळं तिला ठाऊक. लढाई संपली त्या वर्षी मजूर पक्षासाठी तिनं दारोदार पत्रकं वाटली आणि तेव्हापासून वॉर्डातली निवडणूक म्हणजे सिसीची पुढची खोली असं समीकरणच होऊन बसलं. भिंतीच्या कागदाला खळ लावायच्या लांब टेबलावर मतदारयाद्या पसरायच्या, चुलीवर किटली चढलेली असायची, आणि नवरा वॉल्टर, जो मागांचा मिस्त्री होता, तो आपल्याच घरात वाट काढत म्हणायचा, "कृपा करून माझी खुर्ची कुणाच्या बाजूनं मत देऊन गेली ते सांगा."

१९४९ साली मात्र सिसी स्वतःच उभी राहिली, आणि त्याला कारण होतं पाळणाघर.

लढाईच्या दिवसांत बायका गिरणीत हव्या होत्या, म्हणून चॅपलच्या मागच्या दालनात सरकारनं पाळणाघर काढलं होतं. चाळीस पोरं, चाळीस छोट्या खाटा, रोज कॉड माशाच्या तेलाचा एकेक चमचा आणि वर संत्र्याचा रस. आता लढाई संपली होती, पण बायका काही गिरणीतून घरी गेल्या नव्हत्या; पगारावर चूल पेटत होती. आणि नगरपालिकेत हुजूर पक्षाची मंडळी म्हणू लागली, की हा खर्च आता कशाला? आयांनी आपली पोरं आपण बघावीत. ठराव तयार होता. दोन्ही पक्षांची मतं बरोबरीत होती, बारा आणि बारा. ब्राऊ वॉर्डाची एक जागा रिकामी झाली होती. ती ज्याची, त्याच्या हातात पाळणाघर.

पाळणाघर नसलं की काय होतं, ते सिसीनं भोगलं होतं. तिची लेक आयरिन लहान असताना शेजारच्या शोरॉक आजींकडे राहायची. आजी मायाळू, पण पोरं नऊ आणि आजी एक. म्हणून आजी रांगती पोरं फडक्यानं टेबलाच्या पायाला बांधून ठेवायच्या. सिसी संध्याकाळी आयरिनला सोडवून घ्यायची, तेव्हा तिच्या कमरेला फडक्याचा वळ असायचा. "मेली नाही ना?" आजी म्हणायच्या. तेही खरंच होतं. पण तेवढंच खरं असणं सिसीला पुरत नव्हतं.

समोर उभे होते सेसिल हॉवर्थ. कोळशाचे व्यापारी, पाऊस नसतानाही छत्री बाळगणारे सज्जन गृहस्थ. सगळा वॉर्ड त्यांचाच कोळसा जाळायचा, पण मतं मात्र मजूर पक्षाला द्यायचा. त्यामुळे सिसीला काळजी नव्हती.

काळजी आली ती शोरॉक आजींच्या पावलांनी.

उमेदवारांची नावं नगरपालिकेच्या फळ्यावर लागली, त्या दिवशी आजी सरकारी चष्मा चढवून खास पाहायला गेल्या होत्या. त्या वर्षी म्हाताऱ्यांना नवा जन्मच मिळाला होता: दवाखाना फुकट, चष्मा फुकट, दातांची कवळी फुकट. लोणी तेवढं अजून रेशनवर. आजी परत आल्या त्या थेट सिसीच्या स्वयंपाकघरात.

"सिसी, तुझं नाव बघून आले गं पोरी. दुसऱ्या नंबरवर आहे. मेल्यांनी लिहिताना चूक केलीय, पण मी समजून घेतलं."

"काय चूक केली?"

"सिसी हॉवर्थच्या ऐवजी सेसिल हॉवर्थ लिहिलंय. शिकलेली माणसं ती, त्यांना कुठलं धड लिहिता येतंय! वर कुणी डकवर्थ बाई आहे. कसलं ते नाव, वाचताना कवळी निसटली माझी."

सिसीच्या हातातला बटाटा टपकन पाण्यात पडला.

मतपत्रिकेवर त्या काळी पक्षाचं नाव नसे. नुसतं उमेदवाराचं नाव, पत्ता आणि धंदा. मतदारानं आपला माणूस नावानं ओळखायचा आणि पुढे फुली मारायची. आणि सिसीचं नाव कागदोपत्री होतं केझाया डकवर्थ. बायबलातल्या जोबच्या मधल्या मुलीचं नाव बॉबनं हौसेनं ठेवलं होतं. शाळेत पोरांनी त्याचं गाणं केलं: "केझाया, केझाया, सगळी अक्कल वाया!" बाराव्या वर्षी गिरणीत पहिल्या दिवशी मुकादमानं नाव विचारलं, तेव्हा तिनं "सिसी" म्हणून जे सांगितलं, ते कायमचं. ते पाळण्यातलं नाव तिनं इतकं खोल पुरलं होतं, की लग्नाच्या वेळी चॅपलात ते पुकारलं गेलं तेव्हा वॉल्टर मागे वळून पाहायला लागला, की ही दुसरी कोण आली. आणि आता पाळणाघर वाचवायचं, तर पाळण्यातलं नाव उकरून काढायची वेळ आली होती.

ती आधी नगरपालिकेत गेली. तिथले सचिव मिस्टर पिलिंग कागदाइतकेच कोरडे.

"साहेब, नावापुढे कंसात 'सिसी' एवढं घाला. दोनच अक्षरं आहेत."

"मॅडम, कायदा टोपणनाव ओळखत नाही."

"पण वॉर्ड दुसरं काही ओळखत नाही!"

"मग वॉर्डाची ओळख करून द्या," पिलिंग म्हणाले आणि टाक दौतीत बुडवला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत तिनं सुरुवात केली. माग सुरू झाले की गिरणीत कानांचा उपयोग टोपी अडकवण्यापुरताच. त्यामुळे बायका ओठांनी बोलायच्या; आवाज नाही, नुसते ओठ मोठे करून. दोन रांगा पलीकडची बाईसुद्धा चुगली स्पष्ट वाचायची. सिसीनं समोरच्या मागावरच्या एडिथ पिकपकडे पाहून ओठ हलवले, "माझं खरं नाव केझाया."

एडिथ तिची एकतीस वर्षांची मैत्रीण. तिनं कपाळाला आठ्या घालून ओठांनीच विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी नाही मेलं! के-झा-या. मीच ती."

तिसऱ्या वेळेला एडिथला उमगलं, आणि ती इतकी हसली की तिच्या मागावरचे दोन धागे तुटून गेले. "पुढे सांग," सिसीनं खुणावलं. "वरचं नाव. केझाया डकवर्थ." एडिथनं पुढे सांगितलं, पुढचीनं त्यापुढे. पण त्या रांगांमध्ये त्या महिन्यात अकरा बायकांनी नव्या कवळ्या बसवून घेतल्या होत्या, आणि नव्या कवळीतून जुने ओठ सरळ हलत नाहीत. नाव शेडच्या टोकाला पोचलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी होऊन परतलं: बॉबच्या सिसीला पक्षानं काढून टाकलंय, आणि तिच्या जागी कुणी केट झायर नावाची परदेशी बाई आणलीय.

संध्याकाळी गल्लीत संताप उसळला होता. शोरॉक आजी दारातच उभ्या.

"मी त्या झायरबाईला मत द्यायची नाही म्हणजे नाही. तू रडू नकोस पोरी. आम्ही सगळ्या तुलाच देणार. सेसिल हॉवर्थ. बघच तू."

"आजी, अहो ती झायर म्हणजे मीच. केझाया! माझं नाव!"

"तुझं? उगाच पक्षाची बाजू घेऊ नकोस. तुझा बाप सरळ माणूस होता, तो असलं नाव ठेवणार नाही."

"वरचं नाव तेवढं लक्षात ठेवा, बाकी काही नको."

"वर कुणाला बसवायचं ते मला शिकवू नकोस. तू गिरणीत नवी आलीस तेव्हा तुझं नाक मी पुसलंय."

तेवढ्यात कोपऱ्यावरून कोळशाची गाडी आली. गाडीच्या बाजूला हातभर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: सी. हॉवर्थ. गाडी रोज सगळ्या वॉर्डातून फिरायची. आजींनी गाडीकडे बोट दाखवलं. "बघ! कोळशाच्या गाडीवरसुद्धा तुझं नाव घातलंय लोकांनी. आणि तू घाबरतेस!"

घरात सिसी चुलीपुढे मटकन बसली. वॉल्टरनं तिच्यापुढे चहा ठेवला.

"चिठ्ठ्या छापू या," तो म्हणाला.

"चिठ्ठ्यांवर कोण विश्वास ठेवतंय? त्यांना वाटतंय माझ्यावर कुणी जबरदस्ती करतंय."

"मग तूच सांग. सगळ्यांसमोर. एकदाच."

"ते गाणं म्हणतील, वॉल्टर."

"म्हणू देत की."

"तुला काय होतंय म्हणायला! तुझं नाव वॉल्टर आहे."

"लग्नात मी मागे वळून पाहिलं, त्याची तू मला अजून बोलणी ऐकवतेस," तो म्हणाला. "पण मागे वळलो ते दुसरी कोणी बरी असेल म्हणून नाही. असलं मोठं नाव असणारी बाई माझ्याशी कशाला लग्न करेल, असं वाटलं म्हणून वळलो."

"आजच सुचलंय तुला हे."

"हो, पण चांगलं सुचलंय की नाही?"

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती गिरणीच्या अंगणात सुताच्या टोपलीवर चढून उभी राहिली. समोर चारशे बायका, हातात पावाचे तुकडे, डब्यांतून चहा. टोपली करकरत होती.

"बायांनो," ती म्हणाली, "पक्षानं कुणाला काढलेलं नाही. केट झायर नावाची बाई जगात नाही. मतपत्रिकेवर पहिलं नाव आहे केझाया डकवर्थ. ती मी."

मागून कुणीतरी ओरडलं, "चल, काहीतरीच!"

"बॉबनं ठेवलं. बायबल उघडून, डोळे मिटून बोट ठेवलं आणि बोट जोबच्या मुलीवर पडलं. दोन ओळी वर पडतं, तर माझं नाव उंट असतं."

हशा पिकला. सिसीला जरा दम आला.

"शाळेत माझ्यावर गाणं होतं. म्हणून मी ते नाव लपवलं. तुम्ही कुणी म्हणण्याआधी मीच म्हणते." आणि तिनं ते मोठ्यानं म्हटलं, चालीवर, पोरं म्हणायची तसं: "केझाया, केझाया, सगळी अक्कल वाया!"

मग सगळं अंगण हसलं, आणि सिसीही हसली, कारण तीस वर्षं ज्याला भ्यायली ते इतकंच होतं.

"दुसऱ्या नंबरवर सेसिल हॉवर्थ आहेत, कोळसेवाले. माणूस भला आहे, पण त्यांच्यापुढे फुली मारलीत तर तुमची पोरं सोमवारपासून शोरॉक आजींच्या टेबलाला बांधलेली असतील!"

एडिथ पिकपचा आवाज मागांवर तयार झालेला. ती गरजली, "केझाया, केझाया!" आणि कुणाच्या तोंडून निघालं ते कधीच कळलं नाही, पण पुढची ओळ आली, "मत नको वाया!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या मुली त्यावर दोरीवरच्या उड्या मारत होत्या. त्या वसंतात गोळ्या-चॉकलेटं रेशनातून नुकतीच सुटली होती. सिसीनं प्रत्येकीला एकेक गोळी दिली आणि म्हणाली, "माझ्या दारात नको गं. शोरॉक आजींच्या खिडकीखाली जा."

मतदान गुरुवारी झालं, मोजणी शुक्रवारी सकाळी, नगरपालिकेच्या मोठ्या दालनात. बाकांवर गठ्ठे चढत गेले आणि शेवटी मिस्टर पिलिंग यांनी चष्मा पुसला. सेसिल हॉवर्थ पाच मतांनी पुढे. वादातल्या मतपत्रिका एकोणीस.

सिसीनं बोटांवर मोजलं. पाच! शोरॉक आजी आणि त्यांच्या चहाच्या मैत्रिणी, बरोबर पाच.

पिलिंग यांनी वादातल्या मतपत्रिका एकेक उचलल्या. सहा सरळ बाद, त्यांतल्या एकीवर नुसतंच लिहिलं होतं, "आधी रेशनचा बेकन वाढवा." दोन पत्रिकांवर सेसिल हॉवर्थ यांच्यापुढे फुली आणि शेजारी "शाब्बास सिसी". सिसीनं डोळे मिटले.

"फुली हॉवर्थ यांच्यापुढे आहे. मत त्यांचं," पिलिंग म्हणाले. अंतर सात झालं.

उरल्या अकरा. त्या सगळ्या एकसारख्या. वरच्या ओळीतलं 'केझाया' पेन्सिलीनं खोडलेलं, त्यावर जाड अक्षरांत 'सिसी' लिहिलेलं, आणि पुढे फुली. एकीवर तर समासात लिहिलं होतं, "अशी दुरुस्ती केली आहे."

हुजूर पक्षाचा प्रतिनिधी उसळला. "हे बेकायदा आहे! मतदार उमेदवाराचं बारसं कसं करू शकतो?"

"करू शकत नाही," पिलिंग म्हणाले. "पण आगाऊपणा केला म्हणून मत बाद होत नाही. मतदार कोण ते यावरून कळत नाही, आणि मत कुणाला द्यायचंय ते स्वच्छ कळतंय. अकराही मतं डकवर्थ यांची."

सात गेले, चार उरले. चार मतांनी सिसी निवडून आली.

सेसिल हॉवर्थ छत्री डाव्या हातात घेऊन आले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. "अभिनंदन, बाई. त्या 'शाब्बास सिसी'वाल्या दोन मतांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. माझी आई मला सिसच म्हणायची. ती दोन तिची समजतो मी."

"अकरांतलं एक माझं होतं," त्या संध्याकाळी शोरॉक आजी म्हणाल्या. "नाव वरचंच घेतलं, पण तुझ्या बापाची चूक तशीच ठेवून मला घरी यायला जमेना."

पाळणाघराचा ठराव जूनमध्ये एका बुधवारी दुपारी आला. सज्जात गिरणीच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. अर्ध्या दिवसाचा पगार सोडून आलेल्या. सिसीनं जाड लोकरीचा चांगला कोट घातला होता आणि घामाघूम झाली होती. दोन तास भाषणं झाली. मग मेयरसाहेब म्हणाले, नावं पुकारून मतं घ्या. पाळणाघर बंद करावं, या ठरावाच्या बाजूनं की विरोधात.

पिलिंग पुकारत गेले. बाजूनं, विरोधात, बाजूनं.

"मिसेस डकवर्थ."

उत्तर आलं नाही. सिसी आपली पाळी केव्हा येते म्हणून कान देऊन बसली होती.

"मिसेस डकवर्थ!"

सिसीनं इकडेतिकडे पाहिलं. मिसेस डकवर्थ म्हणजे तिची सासू. सहा वर्षांपूर्वी वारली. तिला कशाला बोलावताहेत?

"मिसेस डकवर्थ मत देत नाहीत, असं नोंदवू का?" पिलिंग यांनी टाक उचलला.

"अगं ए भवाने," सज्जातून एडिथ किंचाळली, "तूच ती!"

मेयरसाहेबांनी हातोडा आपटला. सिसी ताडकन उभी राहिली आणि शाळेत उभी राहायची तशीच ओरडली, "हजर!"

दोन्ही बाजूंची माणसं हसली. पिलिंगसुद्धा हसले, आणि ते नगरपालिकेनं प्रथमच पाहिलं.

"हजेरी घेत नाही मी, मॅडम. मत विचारतोय."

"विरोधात," सिसी म्हणाली. "विरोधात, विरोधात!"

"एकदाच पुरे."

यादी संपली. ठरावाच्या बाजूनं बारा, विरोधात तेरा. सज्जात इतका गलका झाला, की पुढचा विषय, गटाराच्या झाकणांचा, कुणाला ऐकूच गेला नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला गिरणीत जाता जाता सिसी पाळणाघराच्या दारावरून गेली. ढकलगाड्या रांगेनं लागल्या होत्या. पोरं रडत होती, आया पळत होत्या, मेट्रनबाई प्रत्येकाचं नाक तपासत होत्या. सिसी उगाचच दोन मिनिटं थांबली. तेवढ्यात एका तरुण आईनं काखेतलं पोर मेट्रनबाईंच्या हाती दिलं आणि ती सिसीकडे वळली. सिसीला वाटलं, आता आभार मानते की काय.

"तुम्हीच ना त्या नव्या काउन्सिलर?"

"हो गं."

"मग आत जाऊन जरा बघा ना. ओट्सची लापशी इतकी पातळ करतात, की आमचा हॅरल्ड ती चमच्यानं खात नाही, पितो."

सिसीनं गिरणीच्या भोंग्याला अजून किती वेळ आहे ते पाहिलं, बाह्या सारल्या आणि ती थेट पाळणाघराच्या स्वयंपाकघरात शिरली.